डाव्या पायावरचा आरोप

आप्पांच्या डाव्या पायावर आरोप झाला तो गुरुवारी सकाळी, आणि तोही त्यांच्याच घराच्या दारात, लेक आणि जावई यांच्यादेखत.

गाडी चढावर ओढत नव्हती. इंजिन गुरगुरत होते, चाके मात्र ऐकायला तयार नव्हती, म्हणून गॅरेजवाल्याला बोलावले होते. तो गाडीत बसला, फाटकापर्यंत गेला, परत आला आणि हात पुसत पुसत म्हणाला, "क्लच प्लेट जळलीये. काका, तुम्ही पाय पेडलवर ठेवूनच गाडी चालवता. वय झालं की होतं असं. मनाला लावून घेऊ नका."

"पाय? माझा?" आप्पांनी विचारले.

"डावा," गॅरेजवाला म्हणाला. जणू काही शंका होती ती कोणत्या पायाची एवढीच.

आप्पा तंत्रनिकेतनात शिकलेले. पुढची सगळी नोकरी यंत्रांचे सुटे भाग तपासण्यात गेली. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवणारा माणूस म्हणून कारखान्यात त्यांना 'मायक्रोमीटर' म्हणत. निवृत्तीनंतर परत पाठवण्यासारखे हाताखाली काही उरले नाही, तेव्हा त्यांनी घराकडे लक्ष वळवले. अवजारांच्या फळीवर प्रत्येक पान्यामागे त्याची आकृती रंगवलेली होती. एखादा पाना जागेवर नसला की त्याची रिकामी सावली लांबूनच चुगली करी. गाडीत चालकाची सीट ज्या पट्टीवर मागेपुढे सरकते, त्या पट्टीवर आप्पांनी पांढऱ्या रंगाची एक बारीक खूण केली होती. सीट त्या खुणेवर असली पाहिजे. गाडी धुणाऱ्या माणसाने एकदा ती खाचभर पुढे सरकवली, तर आप्पांना बसताक्षणी कळले. त्यांनी त्याला परत बोलावून समजावले होते, "बसायची जागा बदलली की पायाचा कोन बदलतो. कोन बदलला की सवय बिघडते. आणि सवय बिघडली की यंत्र बिघडतं." तेव्हापासून गाडी धुणारा गाडी फक्त बाहेरून धूत असे, आणि त्या सीटला घरातले कोणीही बोट लावत नसे.

अशा माणसाचा पाय पेडलवर विसावतो म्हणजे काय?

"बाबा, मी कधीपासून म्हणतेय," लेक म्हणाली, "आता ही गाडी पुरे. रविवारी दुपारी एक जण बघायला येतोय. मी त्याला शब्द दिलाय."

"येऊ दे. त्याच्यासमोर गाडी घरामागचा चढ चढून दाखवेल. नाही चढली तर किल्ली त्याच्या हातात दे, मी अवाक्षर काढणार नाही."

"आणि प्लेट कोण बदलणार? ह्या माणसाला तर तुम्ही आत्ता डोळ्यांनीच हाकललंत."

"मी बदलणार."

"घरी? आपल्याकडे गाडी वर उचलायला लिफ्ट कुठाय?"

"लिफ्ट नसली तरी जॅक आहे. उचललेली गाडी टेकवायला लोखंडी घोडे आहेत. आणि मी आहे." आप्पांनी बाह्या वर सारल्या. "एकदा ती प्लेट माझ्या हातात येऊ दे. गाडी कुणाच्या पायानं बिघडली ते तीच सांगेल. माणसं थापा मारतात, झिजलेलं लोखंड मारत नाही."

दारात शेंगा सोलत बसलेल्या माईंचा हात थांबला. "म्हणजे आत बघून कळतं? कुणी चालवली ते?"

"सगळं कळतं."

"मग गॅरेजमध्येच टाका ना. या वयात जमिनीवर कशाला लोळायचं?"

"गॅरेजमध्ये तीन आठवडे लागतील," जावयाने माहिती पुरवली. "तोपर्यंत गाडी गेलेलीच असेल."

माईंनी शेंगांचे ताट बाजूला ठेवले. "गाडी कुठ्ठं जाणार नाही," त्या अशा आवाजात म्हणाल्या की लेकही चपापली. "अहो, रविवारपर्यंत नक्की होईल ना? मग लागा कामाला. मी दिवा धरते."

इतक्या वर्षांच्या संसारात माईंनी गाडीच्या बाजूने बोलण्याची ही पहिलीच वेळ. आप्पांनी खाकरून अवजारांच्या फळीकडे मोर्चा वळवला.

शुक्रवारी गाडी घोड्यांवर चढली. जॅकने एक कोपरा उचलायचा, घोडा सरकवायचा, मग दुसरा कोपरा, मग पुन्हा पहिल्याकडे यायचे, असे करत करत दुपारपर्यंत चारही चाके जमिनीपासून गुडघाभर वर आली. आप्पांनी गाडीला चारही बाजूंनी धक्के देऊन पाहिले. गाडी हलली नाही. आप्पांच्या कमरेत मात्र काहीतरी हलले, पण त्यांनी तिकडे दुर्लक्ष केले.

घरातून एकेक वस्तू गाडीच्या शेडकडे जाऊ लागली. काढलेले नटबोल्ट क्रमाने ठेवण्यासाठी अंड्यांचा ट्रे लागला. तो वरच्या फळीवर होता, आणि माई उंचीला बेताच्या, त्यामुळे त्यांनी स्टुलावर चढून तो काढून दिला. अंडी भांड्यांच्या टोपल्यात लोळू लागली. नवी प्लेट बरोबर मध्यावर बसवण्यासाठी एक गोल दांडी हवी होती. फरशी पुसायच्या दांड्याची जाडी आप्पांनी मोजली, ती जवळजवळ जुळत होती, आणि उरलेला फरक त्यांनी कानशीने घासून मिटवला. दांडा हातभर तोकडा झाला.

"आता मी फरशी कशी पुसू?" माईंनी विचारले.

"थोडं वाकून."

एरवी एवढ्यावर दोन दिवस अबोला झाला असता. माईंनी नुसते "बरं" म्हटले आणि चहा आणला. आप्पांना वाटले, माणूस किती उशिरा कळतो.

जावई मोबाइल घेऊन आला. "आप्पा, हा व्हिडिओ बघता का? यात एक जण अर्ध्या तासात गिअरबॉक्स खाली काढतो."

"तो आपल्या गाडीखाली झोपलेला नाही," गाडीखालून उत्तर आले.

मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा निघाला, तारा सुटल्या, गिअरबॉक्सला धरून ठेवणारे बोल्ट एकामागून एक ट्रेमध्ये जाऊन बसले. राहिला एकच. तो गिअरबॉक्सच्या डोक्यावर, अशा सांदीत होता की हात पोचत होता पण नजर पोचत नव्हती. आप्पांनी बोटांनी चाचपून पाहिले, डोळे मिटून पाहिले, कूस बदलून पाहिले. शेवटी माईंनी कुंपणापलीकडे हाक मारली.

कुंपणापलीकडे दंतवैद्य राहत. तळमजल्यावर दवाखाना, वर घर. ते दात बघायचा छोटा आरसा आणि कपाळावरचा दिवा घेऊन आले, आणि पांढऱ्या कोटासकट गाडीखाली आडवे झाले.

"दिसला," थोड्या वेळाने ते म्हणाले. "वरचा डावा, अगदी मागचा. चांगलाच किडलाय. आप्पा, पाना जरा आत, अजून आत. हां. आता थोडं दुखेल."

"कुणाला?"

"सवयीनं बोललो."

बोल्ट कुरकुरला आणि सुटला. आप्पा खूश झाले. खूश झाले की ते बोलत. "डॉक्टर, तुम्हीच सांगा. वर्षभर गाडी पेट्रोल जास्त पितेय. मी कार्बोरेटर दोनदा साफ केला, तरी पितेच आहे. आणि आता ही प्लेट. माझी खात्री आहे, गाडीला दुसऱ्या कुणाचा तरी पाय लागलाय."

दंतवैद्यांना एकाएकी खोकला आला. गाडीखाली खोकायला जागा नसते, त्यामुळे त्यांचे डोके वर आपटले.

"लागलं का हो?" माईंनी वाकून विचारले.

"नाही वहिनी. काही नाही. मला... पेशंट बसलाय." आणि ते आरसा तिथेच टाकून लगबगीने निघून गेले.

शनिवारी गिअरबॉक्स खाली उतरवायचा होता, आणि त्यासाठी आप्पांनी एक गाडा बनवला होता. जाड फळी आणि तिला खालून चार छोटी चाके. चाकांत उत्तम प्रतीची बेअरिंग बसवलेली होती, कारण वाईट बेअरिंग आप्पांना बघवत नसत. योजना साधी होती. गिअरबॉक्स इंजिनापासून मागे ओढायचा, अलगद गाड्यावर ठेवायचा आणि गाडा बाहेर ओढायचा. आप्पा पाठीवर झोपले, गाडा कुशीत घेतला, आणि दोन्ही हातांनी गिअरबॉक्स मागे ओढू लागले. माईंनी दिवा खाली ठेवला होता. दूध तापत होते, त्या आत गेल्या होत्या.

शेडची फरशी घालून घेताना पाणी साचू नये म्हणून आप्पांनी गवंड्याकडून तिला फाटकाच्या दिशेने नेमका उतार ठेवून घेतला होता. पावसाचे पाणी त्या उतारावरून अगदी देखणे वाहून जाई. गिअरबॉक्स सुटून अर्धा हातात आला, त्याच क्षणी आप्पांचे कोपर गाड्याला लागले, आणि उत्तम बेअरिंगांचा तो गाडाही तसाच देखणा वाहत निघून गेला. शेडमधून अंगणात, अंगणातून फाटकातून रस्त्यावर. आप्पांनी मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला. तेवढ्यात गिअरबॉक्स पूर्ण सुटला आणि त्यांच्या छातीवर येऊन बसला.

आप्पांनी परिस्थितीचा आढावा घेतला. छाती शाबूत होती. श्वास येत होता, अर्धा का होईना. गिअरबॉक्सला धक्का लागलेला नव्हता. फक्त तो उचलून बाजूला ठेवता येत नव्हता, आणि ठेवल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हते.

"अगं," त्यांनी हाक मारली, "जरा येतेस का? घाई नाही."

"दूध वर येतंय," आतून आवाज आला.

"मग ते उतरल्यावर ये."

माई आल्या, वाकल्या, आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. "अहो, हे काय छातीवर घेऊन बसलात?"

"बसलेलो नाही. झोपलोय. हा गिअरबॉक्स. गाडा बाजाराकडे गेलाय, तो नंतर बघू. डॉक्टरांना बोलाव."

"छाती दुखतेय का?"

"छातीचे नव्हेत, दातांचे. आणि माझ्या मानेखाली आधी काहीतरी दे. मान अवघडलीये."

माईंनी इकडेतिकडे पाहिले, गाडीची डिकी उघडली, आतून एक जाडजूड कुशन काढले आणि आप्पांच्या मानेखाली सारले. आप्पांनी डोळे तिरके करून ते ओळखले. बैठकीतल्या सोफ्यावर दोन टोकांना दोन कुशने असत. गेले कित्येक महिने एकच होते, आणि ती विषमता त्यांना रोज टोचत होती.

"हे डिकीत कसं आलं?"

"असंच. पाठीला बरं असतं."

"डिकीत कुणाची पाठ?"

"तुम्ही बोलू नका हो, श्वास पुरवा," म्हणत माई कुंपणाकडे धावल्या.

दंतवैद्य आले ते पेशंटला घेऊनच. पेशंट चांगला आडव्या बांध्याचा होता. त्याचे अर्धे तोंड इंजेक्शनने बधिर झालेले, गालात कापूस. मला यात पडायचे नाही, असे त्याला बहुधा म्हणायचे होते, पण ते कोणाला नीट कळले नाही. दंतवैद्यांनी एक बाजू धरली, पेशंटने दुसरी, आणि गिअरबॉक्स आप्पांच्या अंगावरून उतरून बाहेर आला.

"पूर्ण बाहेर?" आप्पांनी विचारले.

"मुळासकट," दंतवैद्य म्हणाले.

पेशंट हातावरच्या काळ्या तेलाकडे पाहत काहीतरी बोलला. माईंनी त्याला साबण दिला.

आता आप्पांना कमरेचे भान उरले नाही. त्यांनी जुना क्लच सोडवला आणि प्लेट उजेडात धरली. मग ते बेअरिंग बोटांनी फिरवले, जे पेडल दाबले की क्लचवर टेकते. ते तापून निळसर पडले होते आणि खरखरत होते. ज्या पोलादी पाकळ्यांवर ते टेकते, त्यांची टोके आरशासारखी चकचकीत झाली होती. शेवटी ते कसेबसे गाडीत डोकावले आणि क्लचच्या पेडलवरचे रबर पाहिले. वरचा भाग नव्यासारखा होता. फक्त खालची कड झिजून पार गुळगुळीत.

शनिवारी दुपारच्या जेवणाला लेक आणि जावई होते. आप्पांनी ते बेअरिंग ताटाशेजारी, वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवले.

"गॅरेजवाल्याचं अर्धं खरं होतं," ते म्हणाले. "पाय पेडलवर विसावलेला होता. महिनोन्महिने. पण तो पाय माझा नव्हे. माझी सीट खुणेवर असते. माझा तळवा पेडलच्या बरोब्बर मध्यावर पडतो, आणि काम झालं की उचलला जातो. ह्या पायाचा नुसता चवडा टेकत होता, तोही खालच्या कडेला. म्हणजे एकतर माणूस बुटका, पाय जेमतेम पोचणारा, किंवा बूट टोकदार. आता आपल्या घरात गाडी चालवणारं बुटकं माणूस कोणी नाही."

त्यांची नजर जावयाच्या बुटांकडे गेली. दारात काढून ठेवलेले ते बूट होडीसारखे निमुळते होते.

"मागच्या वर्षी तुम्ही गाडी मित्राला आणायला नेली होती," आप्पा म्हणाले.

जावयाचे कान लाल झाले. तो ताटात बघत राहिला.

"बाबा, जेवताना चौकशी नको," लेक म्हणाली. "एकदा नेली होती त्यानं."

"पाय वाईट असेल तर एकदाही पुरतं."

"भाजी वाढू का?" माईंनी जावयाला विचारले, आणि त्याने नको म्हणायच्या आत भरपूर वाढली. "आता प्लेट नवी येतेय ना? मग जुनं कशाला उगाळायचं? मी म्हणते, कुणाचा का पाय असेना."

"कुणाचा का असेना?" आप्पांचा घास हातातच राहिला. "माझ्यावर आरोप आहे."

जेवणानंतर गाडा तीन घरे पलीकडे, एका फुलझाडांच्या वाफ्यात सापडला. बाजारातून आलेली नवी प्लेट इंजिनाच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर चढली. फरशी पुसायच्या दांड्याने तिला बरोबर मध्यावर धरले, आणि ते पाहून माईंनासुद्धा दांड्याबद्दल काही म्हणावेसे वाटले नाही. मग गिअरबॉक्स जॅकवर वर चढवायचा होता. त्याचे टोक प्लेटच्या दात्यांत शिरायला तयार होईना. आप्पा ढकलत, तो बोटभर अंतरावर येऊन अडे. आप्पा कोन तपासत, पुन्हा ढकलत, तो पुन्हा अडे. उन्हे कलली तरी तेच चालू होते. एव्हाना आप्पांचा चेहरा कारखान्यात माल परत पाठवतानाच्या चेहऱ्यासारखा दिसू लागला होता. पण हा माल परत पाठवायचा कुठे?

"आप्पा, जोर नको," गाडीखाली पुन्हा आडवे झालेले दंतवैद्य म्हणाले. आज ते फारच मदतीला तत्पर होते. "अलगद थोडं फिरवत फिरवत आत न्या. अक्कलदाढसुद्धा अशीच मानते, फक्त उलट दिशेनं."

माईंनी मागून, सांगितल्याप्रमाणे, गिअरबॉक्सच्या शेपटाचा दांडा हळूच फिरवला. 'खट्' असा मऊ आवाज झाला आणि गिअरबॉक्स आपल्या जागी जाऊन बसला. त्या आवाजावर गाडीखाली दोन म्हाताऱ्यांनी हस्तांदोलन केले.

रविवारी दुपारपर्यंत अंड्यांचा ट्रे रिकामा झाला. एकही बोल्ट उरला नाही, एकही कमी पडला नाही. गाडी घोड्यांवरून जमिनीवर आली. पेडल दाबले तर लोण्यासारखे जात होते. आप्पांनी शेवटचे एकदा खाली वाकून, तेल कुठे गळत नाही ना, ते पाहिले. आणि उठू लागले.

ते उठले, पण अर्धेच. कंबर काटकोनात आली आणि तिथेच थांबली.

"अहो, सरळ व्हा की," माई म्हणाल्या.

"होत नाहीये."

त्यांना मागून दाबून पाहिले, पुढून ओढून पाहिले. दंतवैद्यांनी दुखण्यावरची गोळी दिली, पण ती दाढेची होती. त्यांना गाडीत बसवायचा प्रयत्न केला, तर बाजूने आत जाईनात आणि समोरून मावेनात. जमिनीला समांतर पाठ करून आप्पा शेडच्या कडेला फरशीवर उभे राहिले, आणि नेमक्या त्याच वेळी फाटकाशी गाडी बघायला आलेला गृहस्थ येऊन उभा राहिला.

"कुणाचं काही हरवलंय का?" आप्पांकडे पाहून त्याने नम्रपणे विचारले.

"नाही, ते असेच आहेत. म्हणजे आजपासून," लेक म्हणाली. मग ती वाकून वडिलांच्या चेहऱ्यापाशी आली. तिचा आवाज मऊ झाला होता. "बाबा, तुम्ही जिद्दीनं केलंत, मानलं. पण तुम्हीच सांगा, आता ती चढ चढणार कशी? जाऊ दे ना. देऊन टाकू."

आप्पांनी जमिनीकडे पाहतच उत्तर दिले. शब्द दिला होता आणि शब्दाला ते पक्के होते, म्हणूनच त्यांचा आवाज जड झाला. "मी चालवणार असं ठरलं नव्हतं. गाडी चढ चढेल, असं ठरलं होतं. कुणीही चालवा." पुढचे बोलणे त्यांना गिअरबॉक्सपेक्षा जड गेले. "जावईबापू, किल्ली घ्या. फक्त पाय काम झाल्यावर उचला."

जावयाने किल्ली घेतली, पण तो जागचा हलला नाही. त्याचे कान पुन्हा लाल झाले.

"आप्पा," तो शेवटी म्हणाला, "मला गिअरची गाडी चालवता येत नाही. आमची आपोआप गिअर बदलणारी आहे. दुसरी मी कधी चालवलीच नाही."

"मग त्या दिवशी नेलीत ती?"

"ढकलत नेली. कोपऱ्यापर्यंत. तिथं झाडाखाली लावली आणि पुढं टॅक्सी केली. येताना पुन्हा ढकलली. तुमच्यापुढं सांगायची लाज वाटली."

आप्पांच्या डोक्यात, खाली लोंबणाऱ्या डोक्यात, सगळी कारणमीमांसा एकेक बोल्ट निघावा तशी सुटी होऊ लागली. त्यांचा पाय नाही. जावयाचा पाय नाही. लेकीला तर गाडीत मागे बसूनही मळमळते. मग उरले कोण? त्यांनी मान कशीबशी वळवून दंतवैद्यांकडे पाहिले. दंतवैद्य कुंपणावरच्या वेलीकडे पाहत होते.

"डॉक्टर?"

"वहिनी," दंतवैद्य वेलीकडे पाहतच म्हणाले, "आता तुम्हीच काय ते बघा. मला हे आणखी झेपणार नाही."

माईंनी पदर खोचला. त्या पुढे आल्या, जावयाच्या हातातली किल्ली घेतली आणि चालकाच्या बाजूचे दार उघडले. सीटखालच्या दांडीला हात घातला. तिथे त्या क्षणभर थांबल्या, पांढऱ्या खुणेकडे पाहिले, मग वाकून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिले. आणि सीट पुढे सरकवली. खट्, खट्, खट्, खट्. प्रत्येक आवाजाला आप्पांच्या खांद्यांना एकेक हिसका बसला.

गाडी सुरू झाली. अंगणातून सफाईने मागे गेली, फाटकाला न घासता वळली आणि मागच्या चढाला लागली. आप्पांना ती दिसत नव्हती. त्यांना फरशी दिसत होती. पण ते कानांनी पाहत होते. पहिला गिअर. आता क्लच. आता दुसरा, आणि धक्का नाही, कण्हणे नाही, इंजिनाचा सूर घरंगळला नाही. चढाच्या ऐन मध्यावर गाडी थांबली आणि पुन्हा निघाली, तसूभरही मागे न येता. हे कोणी सांगितलेले नव्हते. हे केवळ दाखवण्यासाठी होते.

माई परत आल्या, गाडी शेडमध्ये घातली आणि उतरल्या.

"कधीपासून?" आप्पांनी विचारले.

"गेल्या वर्षी तुमचा पाय मुरगळला तेव्हापासून. महिनाभर गाडी दारात आणि मी पिशव्या घेऊन बसच्या रांगेत. म्हटलं, हे काही खरं नाही. लायसन्स आहे माझ्याकडं. साखरेच्या डब्याखाली."

"मी कुठं होतो?"

"झोपलेले. तुम्ही दुपारी झोपलात की शेजारी कारखाना चालू केला तरी उठत नाही. डॉक्टर शेजारी बसायचे."

"डोळे मिटून," दंतवैद्य म्हणाले. "नंतर नंतर उघडून. पेट्रोल त्याच भरायच्या, आप्पा. फक्त अंदाजानं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्हीच शिकवलं असतं," माई म्हणाल्या. "मग आज मी अजून पहिल्या गिअरमध्येच असते."

लेकीने तोंड फिरवले. तिचे खांदे हलत होते.

"पण पाय," आप्पांनी चिकाटी सोडली नाही. "पाय पेडलवर का ठेवलास?"

"मग कुठं ठेवू? सीट तुमच्या मापाची. हलवली तर तुम्हाला बसताक्षणी कळणार. पाठीला कुशन लावून कशीबशी टोकाला बसायची मी. एकदा पेडल पायाखाली आलं की सोडायची भीती वाटायची, पुन्हा सापडेल न सापडेल." त्यांनी नवऱ्याच्या सदऱ्याला लागलेली धूळ झटकली. "बसायची जागा बिघडली की कोन बिघडतो. कोन बिघडला की सवय. पुढचं तुम्हाला पाठ आहे."

गाडी बघायला आलेल्या गृहस्थाने घसा साफ केला. "चढ फार छान चढली. मला पसंत आहे. मग कसं करायचं?"

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिले. आप्पा फरशीकडे पाहत होते. फरशीचा उतार खरोखर अचूक होता.

"क्षमा करा," ते शेवटी म्हणाले. "गाडी विकाऊ नाही. वापरात आहे." मग त्यांनी जावयाला हाक मारली. "फळीवरून रंगाची डबी आणा. पांढरी नको, पांढरी माझी आहे. तांबडी आणा. आणि बारीक कुंचला."

जावयाने डबी उघडून हातात दिली. आप्पा तसेच वाकलेले, छोटी छोटी पावले टाकत गाडीच्या उघड्या दाराशी गेले. सीट माईंनी सोडली होती तिथेच होती. ती त्यांनी हलवून पाहिली नाही. कुंचला बुडवला, जादा रंग डबीच्या काठाला निपटला, आणि सीटच्या पट्टीवर, पांढऱ्या खुणेच्या पुढे चार खाचा सोडून, एक तांबडी रेघ ओढली. रेघ सरळ आली. त्या कामासाठी त्यांची कंबर आज अगदी योग्य कोनात होती.